दूरचित्रवाणी भयपट, अमेरिकन

खास दूरचित्रवाणीसाठी कमी खर्चात, मोजक्या दिवसांत तयार केलेले भयपट. बहराचा काळ १९७० चे दशक. एबीसी वाहिनीच्या ‘मूव्ही ऑफ द वीक’ (१९६९–७५) या मालिकेत दीड तासातून जाहिराती वजा जाता चित्रपटाला जेमतेम सव्वा तास उरे. जाहिरातीत प्रेक्षक उठून जाऊ नये म्हणून प्रत्येक खंड धक्क्यावर तोडला जाई. रक्तपात दाखवता येत नसल्याने भीतीचा सारा भार अंधार आणि आवाजावर पडे.

‘डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क’ (१९७३) मध्ये विटांनी बुजवलेल्या शेकोटीतून सुटलेले बुटके जीव घरमालकिणीला कुजबुजत हाका मारतात. त्यांचे मुखवटे उजेडात हसू आणतील असे आहेत. दिग्दर्शक जॉन न्यूलंड त्यांना बहुधा काळोखातच ठेवतो. डॅन कर्टिसच्या ‘ट्रिलॉजी ऑफ टेरर’ (१९७५) मधील गाजलेल्या तिसऱ्या कथेचे भांडवल एवढेच : एक सदनिका, अभिनेत्री कॅरेन ब्लॅक आणि भाला घेतलेली बाहुली. ‘गार्गॉइल्स’ला (१९७२) रंगभूषेसाठी एमी पुरस्कार मिळाला, कथा मात्र विसरण्याजोगी.

हे चित्रपट एकदोनदा दाखवले जात आणि गायब होत. घरच्या दिवाणखान्यात ते पाहिलेल्या मुलांच्या आठवणीत ते वाढत गेले. आजच्या चाहत्यांचे प्रेम बरेचसे त्या आठवणीवर आहे. लहानपणी न्यूलंडच्या चित्रपटाने घाबरलेल्या दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोने २०१० मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीची निर्मिती केली. तीत ते जीव संगणकाच्या साहाय्याने स्वच्छ दिसतात, आणि भीती तिथेच उणावते.