केसतोड आणि गुलाबाचा काटा

केसतोड हा काही कवितेचा विषय नव्हे. पण तरुणपणी तो दर पावसाळ्यात माझ्या हनुवटीवर उठायचा. उमरोळीच्या घरी दादी गव्हाच्या पिठाचे गरम पोटीस लावायची. डॉक्टर गोळ्या द्यायचे. दोन दिवसांत ठणका थांबला की उरलेल्या गोळ्या मी फळीवर ठेवून द्यायचो. महिन्याभरात फोड पुन्हा हजर!

पुढे अल्बर्ट अलेक्झांडरची हकिकत वाचली. ऑक्सफर्डकडचा हा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई. त्याच्या चेहऱ्याला गुलाबाचा काटा लागला, असे सांगतात. आम्हा कवींना ही गोष्ट आवडावी अशीच. पण घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे ती जखम बॉम्बहल्ल्यातली होती. जंतुदोष चेहऱ्याभर, डोक्यावर पसरला. एक डोळा काढावा लागला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी फ्लोरी आणि चेन यांच्या पथकाने त्याला पेनिसिलिन टोचले. ताप उतरला, तो जेवू लागला. औषध इतके थोडे, की त्याच्या लघवीतून ते परत काढून वापरले. पाच दिवसांत तेही संपले. दुखणे उलटले आणि १५ मार्चला तो गेला.

१९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागले. आज आमच्या शेजारी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. मुबलक औषधांच्या या काळात जंतूही शहाणे झाले. केसतोडाचा जंतू स्टॅफिलोकॉकस. त्याच्या नावातल्या पहिल्या शब्दाचा ग्रीक भाषेत अर्थ द्राक्षांचा घोस. पेनिसिलिनला तो आता बहुधा दाद देत नाही. कमी मात्रेने जंतू निर्ढावतील, असे फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच बजावले होते.

मग फोड पुन्हा पुन्हा का उठतो? साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो. नाकातले बोट हनुवटीला लागते, एकच पंचा घरभर फिरतो, वस्तरा दुसऱ्याच्या गालावरून आपल्या गालावर येतो. पंचा वेगळा, वस्तऱ्याला नवे पाते, हात साबणाने धुतलेले, एवढे पाळले तरी पुष्कळ. नाक आणि वरच्या ओठाजवळचा फोड तर कधीच पिळू नये. तिथल्या शिरांतून दोष मेंदूपर्यंत जाऊ शकतो. सूज डोळ्याकडे सरकली, ताप आला, तर लगेच डॉक्टर गाठावा.

अलेक्झांडरला औषध पुरले नाही. माझ्या फळीवर ते उरत होते. तेव्हापासून डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले, तितके दिवस गोळी घेतो, आणि त्यांनी न सांगता एकही घेत नाही.