सॉफ्टवेअर-शिक्षणातील उद्योग-विद्यापीठ सहयोग

विद्यापीठाने शास्त्राचा पाया घालावा, नियोक्त्याने प्रत्यक्ष कामाचा सराव द्यावा आणि पदवी हाती येताच विद्यार्थी कामावर रुजू होण्यास समर्थ असावा, या हेतूने उभयतांनी केलेली शिक्षणव्यवस्था. हिचा विशेष उल्लेखनीय प्रयोग विप्रो कंपनी व पिलानीची बिट्स संस्था यांनी १९९५ मध्ये आरंभिला. त्यात विज्ञानाच्या पदवीधरास नोकरीत घेऊन, तो वेतन मिळवीत असतानाच सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी संपादन करण्याची तजवीज होती. इन्फोसिसने २००४ पासून महाविद्यालयीन अध्यापकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, तो योग्यच होय.

अशा शिक्षणाचे मर्म संहितेच्या तपासणीत असते: शिकाऊ उमेदवाराने लिहिलेली प्रत्येक ओळ अनुभवी अभियंता वाचतो, हरकती नोंदवतो, आणि त्यांचे निरसन झाल्याखेरीज ती मुख्य प्रणालीत दाखल होत नाही, ही शिस्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून लाभत नाही.

अशा शिक्षणाची निकड आदिवासी भागात विशेष जाणवते. डहाणू व शेजारचा तलासरी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील आदिवासी क्षेत्रात मोडतात. तेथील वारली घरातील विज्ञान-पदवीधरास शिक्षणासाठी आणखी वर्षे बिनकमाईची काढणे दुष्कर असल्याने, वेतनासह शिक्षण देणारी पद्धतीच त्याला खऱ्या अर्थाने उपकारक ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पदवी अभ्यासक्रमातच उमेदवारीचा अंतर्भाव करण्यास मुभा दिली आहे.