अर्ज नको, प्रस्ताव द्या : चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपनीला कामाचं पत्र कसं लिहायचं

चिंचोळी (ता. मोहोळ) : चिंचोळीकाटी, कोंडी, पाकणी, लांबोटी, सावळेश्वर या हायवेच्या पट्ट्यात गावोगाव कंपनीला पत्र देऊन वाट बघत बसलेली माणसं भेटतात. कुणाची पिकअप आहे, कुणाचा पाण्याचा टँकर आहे, कुठं बायकांचा बचत गट डबे करून द्यायला तयार आहे. पत्र गेटवर जातं आणि तिथंच राहतं. मग पारावर चर्चा होते, कंपनीवाले बाहेरच्यालाच काम देतात म्हणून. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण मधे मी ओळखीच्या लोकांकडून अशी दहा-बारा पत्रं मागून घेतली आणि वाचली. एकातही दर लिहिलेला नव्हता.

सगळ्या पत्रांचा साचा एकच. विषय : काम मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की मी वरील ठिकाणचा कायमचा रहिवासी असून सुशिक्षित बेरोजगार आहे, तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. खाली सही. हे आपण तहसीलला आणि पंचायत समितीला लिहून लिहून शिकलोय. तिथं ते बरोबर आहे, कारण नियमात बसत असेल तर साहेबाला ते द्यावंच लागतं. कंपनीचा मॅनेजर तुम्हाला काही देणं लागत नाही. त्याला रोज दुपारी कामगारांचं जेवण वेळेवर पोचायला पाहिजे, माल घेऊन जाणारी गाडी सकाळी गेटवर उभी पाहिजे, एवढंच त्याचं बघणं. अर्जात आपण आपली गरज सांगतो. प्रस्तावात त्याची गरज सांगायची असते, आणि ती आपण कितीत, कधी आणि कशी भागवणार ते.

जमिनीचं वाक्य आधी सांगून टाकतो, कारण ते निम्म्या पत्रांत आहे. "आमची जमीन एमआयडीसीत गेली आहे." ज्याची गेली त्यालाच त्याचं दुःख माहीत. पण परचेसच्या टेबलावर बसलेला माणूस त्या वाक्याचं काहीच करू शकत नाही, उलट त्याला वाटतं की उद्या काम नीट झालं नाही तर हा माणूस गावच गेटवर आणील. ती मागणी वेगळी लिहा, ग्रामपंचायतीच्या ठरावानं एमआयडीसीकडं आणि उद्योग विभागाकडं करा. 80 टक्के स्थानिकांचा जो नियम आपण सारखा ऐकतो तो नोकरीचा आहे, ठेक्याचा नाही. आणि त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, चिंचोळीचाच असं नाही. लेटरहेडवर नेत्याचा फोटो आणि स्वतःच्या नावाखाली पाच पदं छापलेली असतील तर तेही घरीच ठेवा.

कुणाला लिहायचं

"मा. मॅनेजर साहेब" असं मोघम लिहू नका. जेवण, कामगारांची ने-आण, बाग, साफसफाई, सिक्युरिटी ही कामं बहुतेक ठिकाणी एचआर आणि अ‍ॅडमिनकडं असतात. लाकडी पॅलेट, खोके, सुटे भाग, फॅब्रिकेशन हे परचेसकडं. मालाची गाडी डिस्पॅचकडं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला नीट विचारलं तर तो विभाग सांगतो, बऱ्याचदा नावही सांगतो.

चिंचोळीत सगळे कारखाने एका जातीचे नाहीत. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखे गाडीच्या इंजिनाचे भाग बनवणारे आहेत, बालाजी अमाइन्ससारखे रसायनांचे आहेत, बाकीचेही बरेच आहेत. त्यामुळं एकच पत्र झेरॉक्स काढून सगळ्या गेटवर वाटलं तर ते कुणाचंच नसतं. जिथं रात्रपाळी चालते तिथं रात्रीच्या जेवणाची आणि गाडीची अडचण असते. रसायनांच्या ठिकाणी गाडी आत घ्यायची तर सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर बसवा म्हणतात, ड्रायव्हरचा मोबाईल आणि काडेपेटी गेटवर ठेवून घेतात. पाकणीच्या तेल डेपोकडं गाड्या चालवलेल्यांना हे माहीत आहे. "माझ्या गाडीला स्पार्क अरेस्टर बसवलेला आहे" हे एक वाक्य पत्रात असलं तर वाचणाऱ्याला कळतं, ह्या माणसाला आपलं काम माहीत आहे.

पत्र लिहायच्या आधी दोन दिवस पाळी सुटायच्या वेळी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसा. डबा कुठून येतो, उशीर होतो का, कामगार का कुरकुरतात, सगळं तिथं कळतं.

दर काढताना उधारी धरा

बचत गटाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या भावानं तुम्ही घाला. रोज 80 थाळ्या. एका थाळीला किराणा, भाजी, पीठ मिळून 38 रुपये धरले तर 3,040. गॅस 400. चार बायकांची हजेरी 400 प्रमाणं 1,600. पोचवायला गाडी 300. भांडी, साबण, किरकोळ 160. झाले रोजचे 5,500, म्हणजे थाळीला 68 रुपये 75 पैसे. दर 80 लावला तर रोज 6,400 येणार, हाती 900 राहणार. इथपर्यंतचा हिशोब सगळे करतात.

आता पुढचं बघा. कंपनी म्हणाली, महिन्यानं बिल द्या आणि बिलानंतर 45 दिवसांनी पैसे घ्या. म्हणजे पहिला रुपया यायला 75 दिवस. महिन्याला 26 दिवस काम धरलं तर तोवर 65 दिवस चूल पेटवायची. 65 गुणिले 5,500, म्हणजे 3 लाख 57 हजार 500 रुपये आधी घालायचे. गटाकडं आहेत का एवढे? सावकाराकडून उचलले तर 900 रुपयांतले किती उरणार? तेच बिल दर 15 दिवसांनी आणि पैसे बिलानंतर 15 दिवसांत ठरले, तर 26 दिवसांचे 1 लाख 43 हजार लागतात. थाळीमागं दोन रुपये जास्त मागण्यापेक्षा बिलाची मुदत कमी मागणं जास्त फायद्याचं आहे, आणि कंपनीलाही ते जड जात नाही.

मी स्वतः हे शिकलो ते ठेच लागून. एका ठिकाणी उन्हाळ्यात झाडांना टँकर दिला, तीन महिने. दर तोंडी ठरलेला, मुदत ठरलेलीच नाही. ज्यानं शब्द दिला त्याची बदली झाली. नवीन आलेला म्हणाला, कागद दाखवा. माझ्याकडं डायरीतल्या खेपांशिवाय काही नव्हतं. पैसे मिळाले, पण खेपेमागं कमी आणि पावसाळा संपल्यावर. डिझेल मात्र रोजच्या रोज रोखीनं भरलं होतं.

नमुना

पत्र एका पानाचंच ठेवा. खालचा नमुना वरच्याच उदाहरणावर आहे.

प्रति,
मा. व्यवस्थापक, एचआर व अ‍ॅडमिन विभाग,
........ कंपनी, चिंचोळी एमआयडीसी, ता. मोहोळ

विषय : दोन पाळ्यांसाठी रोज 80 थाळ्या जेवण पुरवण्याचा प्रस्ताव

महोदय,
आपल्या कारखान्यात दुपारी 12.30 आणि रात्री 8 वाजता जेवणाची सुट्टी असते. आमच्या गटाचे स्वयंपाकघर कारखान्यापासून 4 किलोमीटरवर आहे. दोन्ही वेळी सुट्टीच्या 15 मिनिटे आधी गरम जेवण गेटवर पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

थाळी : 3 चपात्या किंवा 2 ज्वारीच्या भाकरी, एक भाजी, आमटी, भात, शेंगा चटणी, कांदा.
दर : 80 रुपये प्रति थाळी, पोच धरून. सहा महिने दर बदलणार नाही.
संख्या : त्या दिवसाच्या थाळ्या सकाळी 9 पर्यंत कळवाव्यात. त्यानंतर 5 थाळ्यांपर्यंत कमी-जास्त चालेल.
उशीर : ठरलेल्या वेळेपेक्षा 20 मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास त्या वेळच्या रकमेतून 10 टक्के कपात करावी. गाडी बंद पडल्यास दुसरी गाडी ठरवून ठेवलेली आहे.
बिल : दर 15 दिवसांनी. बिल दिल्यापासून 15 दिवसांत रक्कम गटाच्या बँक खात्यात जमा व्हावी.
नोंदणी : उद्यम क्र. ........ एफएसएसएआय क्र. ........ पॅन ........ जीएसटी नोंदणी सध्या लागू नाही. लागू झाल्यास कर वेगळा.
आधीचे काम : ........ (ठिकाण, किती दिवस, फोन)

एक आठवडा रोज 10 थाळ्या याच दराने चाचणीसाठी देण्याची आमची तयारी आहे. पसंत पडल्यास पुढे करार करावा. हा दर आजपासून 30 दिवस लागू राहील. येत्या गुरुवारी सकाळी 11 वाजता आपणास फोन करीन.

आपली विश्वासू,
अध्यक्षा, ........ महिला बचत गट
मोबाईल ........

स्वतःच्याच पत्रात कपातीची ओळ कशाला, असं काहींना वाटेल. माझ्या मते अख्ख्या पत्रात तीच ओळ सगळ्यात भारी आहे. मॅनेजरला भीती एकच असते, जेवण आलं नाही तर तो वरच्याला काय सांगणार. पण जेवढं झेपेल तेवढंच लिहा. 300 थाळ्यांची ताकद नसताना 300 लिहून काम घेतलं तर दुसऱ्या आठवड्यातच जातं, आणि एमआयडीसीत एका गेटची गोष्ट दुसऱ्या गेटवर लगेच पोचते.

तिथले बरेच अधिकारी मराठी वाचणारे नसतात. म्हणून दोन प्रती करा, एक मराठी, एक इंग्रजी. इंग्रजीसाठी घरातल्या शिकलेल्या पोराला बसवा, पण आकडे आणि तारखा तुम्ही स्वतः तपासा.

कागद आणि पैशाचा कायदा

उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. सरकारी पोर्टल उद्यमरजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन हेच. तसंच दिसणाऱ्या खासगी साइट दोन-तीन हजार मागतात, त्यांना देऊ नका. अडलं तर सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. ही नोंदणी काम सुरू व्हायच्या आधी झालेली पाहिजे, कारण पैसे अडकले तर तीच कामाला येते. 2006 च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. लेखी काहीच नसेल तर 15 दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय 2024 पासून आयकरातही असं झालंय की मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी कंपनीला तो खर्च वजा दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. त्यामुळं मार्च जवळ आला की अकाउंटवाले स्वतःच उद्यम सर्टिफिकेट मागू लागतात. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र या उशिराच्या कायद्याचा फायदा नाही, सेवा देणाऱ्याला आणि माल बनवणाऱ्याला आहे.

जीएसटीचं असं, सेवेला वर्षाला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि जेवण पुरवणं ही सेवाच धरतात. आपल्या उदाहरणात रोजचे 6,400, महिन्याचे 1 लाख 66 हजार 400, वर्षाचे 19 लाख 96 हजार 800. म्हणजे काठावर. दहा थाळ्या वाढल्या की मर्यादा ओलांडली. त्याच पॅनवर दुसरा धंदा असेल तर तोही यात मोजला जातो. म्हणून पत्रात "कर वेगळा" लिहून ठेवायचं, नाहीतर तो आपल्या 900 मधून जातो. कंपनी बिलातून टीडीएसही कापते. पॅन दिलं असेल तर एक-दोन टक्के, नसेल तर 20 टक्के. कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर हिशोबात धरले जातात, बुडत नाहीत.

पत्र दिल्यानंतर

गेटवर देताना दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का किंवा निदान सही आणि तारीख घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर पत्राचा वाकडा फोटो नको, पीडीएफ करा आणि फाइलला गटाचं नाव द्या. गुरुवारी फोन करीन लिहिलंय तर गुरुवारीच करा. ते दर कमी करा म्हणतील. लगेच हो म्हणू नका. दर उतरवायचाच असेल तर बदल्यात काहीतरी मागा : 78 चालेल, पण बिलाचे पैसे 15 ऐवजी 7 दिवसांत. जे ठरेल ते त्याच दिवशी मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "आज बोलणं झालं त्याप्रमाणे" असं लिहून पाठवा आणि परचेस ऑर्डर किंवा वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय पहिली थाळी पाठवू नका.

नाही म्हणाले तर आत्ता कुणाकडं काम आहे आणि त्याचा करार कधी संपतो तेवढं विचारून घ्या. पुष्कळ कंपन्यांचे वर्षाचे करार मार्चअखेर संपतात. नवीन दर ते जानेवारी-फेब्रुवारीतच मागवायला लागतात. तेव्हा तेच पत्र, तारीख आणि दर बदलून, पुन्हा गेटवर न्या.