ब्लोअर रेझिस्टर

मोटारीच्या हीटर व एसीच्या पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा विद्युत रोधक. आकाराने तळहातावर मावेल एवढा. हा भाग बिघडला की नॉब एक, दोन, तीनवर फिरवूनही हवा येत नाही आणि चारवर नेताच पंखा सुसाट सुटतो. पुष्कळ मालक अशा वेळी एसीचा गॅस भरून घेतात. त्या खर्चाचा या बिघाडाशी काडीचाही संबंध नसतो.

खालच्या वेगांवर वीज रेझिस्टरच्या तारेच्या वेटोळ्यांतून जाते आणि मोटरपर्यंत पोहोचताना तिचा दाब घटतो. सर्वांत वरचा वेग ही वाट टाळतो; बॅटरीचे 12 व्होल्ट जवळजवळ जसेच्या तसे मोटरला मिळतात, म्हणून तेवढा एक वेग शाबूत राहतो. मोटर 6 व्होल्टवर 5 अँपिअर ओढत असेल, तर उरलेल्या 6 व्होल्टची रेझिस्टरमध्ये 30 वॉट उष्णता होते, म्हणजे एका लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. हा भाग ब्लोअरच्या झोतातच बसवतात तो याचसाठी. झोत मंदावला की तार तापते आणि तिच्यावरचा थर्मल फ्यूज वितळून वीज तोडतो.

बदलण्याचे काम घरी जमण्यासारखे आहे. भारतात स्टिअरिंग उजवीकडे असल्याने बहुतेक गाड्यांत रेझिस्टर डाव्या सीटसमोर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवावी. अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो. आत प्लगची क्लिप दाबून प्लग ओढायचा, सहसा दोनच असणारे स्क्रू काढायचे, की रेझिस्टर हातात येतो. बरेचदा धूळ आणि सुक्या पानांचा चुरा घेऊनच. प्लग मात्र निरखून पाहावा. एखाद्या पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले किंवा वितळले असेल, तर तोही बदलणे भाग आहे. सैल, जळक्या प्लगमध्ये नवा भाग खुपसणे म्हणजे त्याच कामाला पुन्हा बसणे. सुटा भाग घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवावा. सगळे वेग तपासायचे ते रेझिस्टर जागेवर घट्ट बसवल्यावरच. बाहेर लोंबत ठेवून पंखा चालवला, तर रेझिस्टर झोताविना तापतो.

तेवढ्याने काम संपत नाही.

केबिन फिल्टर चोंदला असेल तर झोत कमी पडतो. मोटरचे बेअरिंग सुकले असेल तर ती जास्त करंट ओढते. पंखा सुरू करताच येणारी किरकिर ही त्याची खूण. ही कारणे तशीच ठेवली तर नवा रेझिस्टरही लवकरच जळतो.

फ्यूज वितळला म्हणून त्याच्या जागी तार सोल्डर करणे हा स्वस्तातला तोडगा सर्वांत घातक. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल झाफिरा बी या मोटारींना आगी लागू लागल्या, तेव्हा संशय याच भागावर गेला. थर्मल फ्यूजची अयोग्य दुरुस्ती हे कारण कंपनीने दिले आणि 2015 मध्ये दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. तपासून दिलेल्या काही गाड्याही पेटल्या. 2016 मध्ये दुसऱ्यांदा गाड्या बोलवाव्या लागल्या आणि संसदेच्या परिवहन समितीने कंपनीच्या अधिकाऱ्यांना जाब विचारला.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत सहसा वेटोळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल असते. ते बिघडले की पंखा पूर्ण बंद पडतो, एकाच वेगावर अडकतो किंवा किल्ली काढल्यावरही फिरत राहून बॅटरी उतरवतो.