स्मृतिभ्रंश : घराची सुरक्षित रचना

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीला राहत्या घरात इजा होऊ नये व तिचे नित्यव्यवहार शक्य तितके तिच्याच हाती राहावेत, यासाठी घरात करावयाचे बदल. या विकारात स्मृतीबरोबर खोली, अंतर व रंगभेद यांची जाणही क्षीण होऊ शकते. त्यामुळे दृष्टी शाबूत असूनही अपघात घडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या डिमेन्शियाविषयक पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे.

तात्त्विक आधार : माणसाची क्षमता जितकी घटते, तितका भोवतालचा त्याच्या वर्तनावरील अंमल वाढतो, हे सूत्र संशोधक लॉटन व सायमन यांनी १९६८ मध्ये मांडले; म्हणूनच घरातील बदल महत्त्वाचे ठरतात.

न्हाणीघर व संडास : सर्वाधिक बदल येथे लागतात. आतली कडी काढतात किंवा बाहेरूनही उघडेल अशी बसवतात. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत उघडणारे दार पडलेल्या माणसाच्या अंगाला अडते. पांढऱ्या लादीवरचा पांढरा कमोड चटकन ओळखू येत नाही, म्हणून त्यावर गडद रंगाची बैठक बसवतात. आधाराचा दांडा टाइलहून वेगळ्या रंगाचा व भिंतीत पक्का हवा. टॉवेलची दांडी माणसाच्या भाराने उखडते. गीझरचे पाणी ४९ अंश सेल्सिअसपेक्षा गरम नसावे. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग कढत. दाराशी काळे पायपुसणे टाळावे; ते खड्ड्यासारखे वाटून व्यक्ती थबकते किंवा ते ओलांडू पाहते. फिनेल, अ‍ॅसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय येथे घातक ठरते. आरशातला चेहरा परका वाटून व्यक्ती घाबरत असल्यास आरसा झाकतात.

स्वयंपाकघर व देवघर : घरचे बाहेर जाताना व रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतात. समईऐवजी विजेचा दिवा लावावा. पूजा मात्र बंद करू नये, कारण अंगवळणी पडलेली कामे पुष्कळ काळ टिकतात. बोस्टनमधील २००४ च्या एका लहान अभ्यासात ठळक लाल ताटवाट्या व पेले वापरल्यावर रुग्णांचे खाणे २५, तर पिणे ८४ टक्क्यांनी वाढले. रुग्ण नऊच होते.

बाहेर पडणे : सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटातील डिमेन्शिया झालेला निवृत्त प्राध्यापक हत्तीच्या मागे निघून हरवतो. उपाय म्हणून दाराला नजरेच्या टप्प्याबाहेर कडी, घंटा किंवा खिशात पत्ता-फोनची चिठ्ठी सुचवतात. बाहेरून कुलूप लावण्याविषयी मतभेद आहेत. व्यक्ती घरात एकटी असताना ते लावू नये, कारण आग लागल्यास सुटकेची वाट उरत नाही. नेदरलँड्समधील वेस्प येथील हॉगेवेक या डिमेन्शियाच्या रुग्णांच्या वसाहतीत रहिवासी आवारात मोकळे फिरतात, आवाराची वेस मात्र बंद असते.

औषधे : कुलूपबंद कपाटात.