करपात्र मूल्याची कुळकथा

घराचा बाजारभाव आणि त्याच घराच्या मालमत्ता कराच्या बिलावरचे मूल्य यांत मोठे अंतर दिसले, की घरमालकाला वाटते कुठेतरी चूक झाली. पण हे दोन आकडे जन्माला आले तेच वेगवेगळ्या कामांसाठी. घर विकले तर किती पैसे हाती येतील, हे बाजारभाव सांगतो. करमूल्याचे काम वेगळे: शहराच्या खर्चातला वाटा सगळ्या घरांवर सारख्या न्यायाने वाटून देणे.

या कुळाचा मूळ पुरुष शोधायला इंग्लंडात जावे लागते. राणी एलिझाबेथ पहिलीच्या कारकिर्दीत, 1601 साली, गरिबांच्या पोषणाचा भार प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, टाकणारा कायदा झाला. पैसा त्याच पॅरिशमधल्या घर-जमीन ताब्यात असणाऱ्यांनी द्यायचा. पण कोणी किती? जागोजागी रीत निराळी होती. 1836 च्या कायद्याने सगळ्यांना एकच कसोटी लावली: ही मालमत्ता वर्षाच्या कराराने भाड्याने दिली, तर वाजवी भाडे किती येईल? त्या काळी बहुतेक लोक भाड्यानेच राहत. घराची विक्री क्वचित होई, पण भाडे साऱ्या गल्लीला ठाऊक असे. म्हणून तोलायला भाडेच सोयीचे.

हीच कसोटी 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम 154 मध्ये आली. अपेक्षित वार्षिक भाड्यातून दुरुस्ती, विमा वगैरेंपोटी 10 टक्के वजा करायचे. उरले ते करपात्र मूल्य. महिना 100 रुपये भाडे येण्याजोगी खोली असेल, तर वर्षाचे 1,200 आणि करपात्र मूल्य 1,080 रुपये. खोली विकत कितीला जाईल, हा प्रश्न या हिशोबात कुठेच नव्हता.

पुढे भाडेच गोठले. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतल्या जुन्या जागांचे प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला घेता येणारे कमाल भाडे, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधले. कायद्याने जे भाडे घेताच येत नाही, ते 'वाजवी अपेक्षित भाडे' कसे म्हणायचे? 1961 मध्ये कलकत्त्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की करासाठीही प्रमाण भाड्यापलीकडे जाता येणार नाही. न्याय भाडेकरू-मालकाच्या दृष्टीने बरोबर होता. पण गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींचे करपात्र मूल्य जिथल्या तिथे राहिले आणि नव्या घरांवर त्याच सोयींसाठी कितीतरी जास्त कर बसू लागला. पागडीचे, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी पैसे घेऊन जागा देण्याचे, व्यवहार बाजारात चालू होते, कराच्या वहीला ते दिसत नव्हते.

या विषमतेवर उपाय म्हणून मुंबईत 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. आधार मुद्रांक शुल्काच्या रेडी रेकनरचा. त्या दराला क्षेत्रफळाने आणि वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व मजला यांच्या गुणांकांनी गुणायचे. फेरआकारणी दर 5 वर्षांनी. आकडा बाजाराजवळ सरकला, तरी बाजारभाव झाला नाही. रेडी रेकनर हा विभागाचा सरकारी दर. तुमच्या खिडकीतला समुद्र किंवा विकणाऱ्याची निकड त्यात मोजली जात नाही.

बाजारभाव आणि करमूल्य यांतल्या फरकाचे सर्वांत स्पष्ट उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2022 च्या निकालात आहे. मोकळ्या जमिनीवर पुढे किती चटई क्षेत्र (बांधकामाचे क्षेत्रफळ) मिळू शकेल, ते धरून मूल्य काढण्याची मुभा पालिकेच्या नियमांनी दिली होती. न्यायालयाने ती अवैध ठरवली: आकारणी जमीन-इमारतीच्या आजच्या स्थितीवरच व्हावी. घेणारा पुनर्विकासाच्या आशेचे पैसे मोजतो. पालिकेने त्या आशेवर कर घ्यायचा नाही.

म्हणून आकारणीची नोटीस आली, की विक्रीची किंमत बाजूला ठेवावी. क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचे वय बरोबर नोंदले आहे ना, हे तपासावे. मग त्याच विभागातल्या, तशाच घराची आकारणी पाहावी. ती सारखी नसेल तर हरकत मुदतीत नोंदवावी. 1836 पासून या आकड्याने कबूल केलेला न्याय हाच आहे, आणि तो मागण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे.