दुसरीची ‘इयत्ता’

हिंदीत शाळेच्या वर्गाला ‘कक्षा’ म्हणतात, मराठीत ‘इयत्ता’. हा शब्द संस्कृत ‘इयत्’, म्हणजे ‘इतके’, यावरून आला असून परिमाण किंवा मर्यादा हा त्याचा मूळ अर्थ आहे. नोएडातील मराठी कुटुंबांची मुले ‘क्लास टू’मध्ये किंवा ‘कक्षा दो’मध्ये जातात, त्यामुळे ‘इयत्ता’ हा शब्द त्यांच्या कानी क्वचितच पडत असेल. परंतु त्या शब्दात दडलेला प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. सात वर्षांच्या मुलाला किती आले म्हणजे पुरे, आणि ते कोणी व कोणासाठी मोजायचे? या प्रश्नाची उत्तरे बहुतेक वेळा शिक्षणशास्त्राने दिली नसून प्रशासनाने दिली आहेत.

पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. एकाच ओटीवर कोणी धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवीत असे, कोणी पावकी-निमकी घोकत असे, तर कोणी मोडी पत्राचा कित्ता उतरवीत असे. ज्याचे जसे होईल तसा तो पुढे जाई. या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुलींना आणि तथाकथित खालच्या जातींच्या मुलांना तिचे दार बहुधा बंदच होते. मात्र ‘दुसरीत नापास’ ही कल्पना तेथे संभवत नव्हती, एवढे खरे.

ती कल्पना आली सरकारी अनुदानाबरोबर. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने सुधारित शिक्षणसंहिता लागू झाली. शाळेला हजेरीवर दरडोई चार शिलिंग मिळत, आणि निरीक्षकासमोर होणाऱ्या परीक्षेवर आणखी आठ शिलिंग. वाचन, लेखन आणि गणित यांपैकी एका विषयात मूल चुकले की त्यातून दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. दुसऱ्या इयत्तेचे परिमाणही ठरलेले होते : वाचनपुस्तकातील सोपी गोष्ट वाचणे, छापील ओळ हस्ताक्षरात उतरवणे, साधी बेरीज किंवा वजाबाकी करणे आणि पाढे म्हणणे. ही पद्धत कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त तरी पडेल, असा लो यांचा युक्तिवाद होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ज्या गोष्टीला पैसे मिळतात तिचेच उत्पादन वाढते. शिक्षक वर्षभर तेच एक पुस्तक घोकून घेऊ लागले. स्वतः शाळा निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या यांत्रिकपणावर आपल्या अहवालांतून वारंवार टीका केली.

‘निकालाप्रमाणे अनुदान’ हे तत्त्व लवकरच मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आले. डेप्युटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांना धुतलेले कपडे घालून आणले जाई, आणि त्या एका दिवसावर वर्षाचा निकाल ठरे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन महात्मा फुले यांनी सादर केले, त्यातील बहुजनांच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातील एका प्रशासकीय सूचनेकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. डेप्युटीच्या वर्षातून एका भेटीने काही साधत नाही, तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देताही शाळा पाहाव्यात, असे त्यांनी म्हटले होते. ज्याला आज आपण सातत्यपूर्ण मूल्यमापन म्हणतो त्याचे बीज मला येथे दिसते. फरक इतकाच की फुल्यांना तपासायची होती ती शाळा.

कर्झन यांच्या काळात, १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने, निकालाशी बांधलेल्या अनुदानाची पद्धत सोडून देण्याचे ठरले. पैसा सुटला तरी चाळणी राहिली. १९२९ च्या हारटोग समितीने ‘गळती’ आणि ‘स्थगिती’ यांवर बोट ठेवले. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये जेमतेम १८ चौथीत पोहोचली होती. गरिबी आणि शेतीची कामे ही कारणे होतीच, पण त्याच वर्गात पुन्हा बसवलेले मूल शाळा सोडते, हे प्रत्येक खेड्यातील मास्तरांना माहीत होते.

त्यावर पक्के उत्तर यायला २००९ चा शिक्षण हक्क कायदा उजाडावा लागला. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही, असे त्याने ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, दुसरीला मात्र हात लावला नाही. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भार दिला. गुणांच्या जागी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी आल्या, आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची असे ठरले. कल्पना उत्तम होती. पण एकेका शिक्षकापुढे चाळीस मुले आणि आठ विषय, तेव्हा नोंदींचे तयार नमुने हातोहात फिरू लागले. फाईल भरली की काम झाले, ही आमच्या खात्यांची जुनी सवय. शाळांना ती आम्हीच लावली.

दरम्यान मोजणी शाळेबाहेर सुरू झाली होती. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन एक कागद मुलापुढे ठेवते. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. दुसरीचे पुस्तक अशा रीतीने देशाचा गज बनले. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील निम्म्याहून किंचित कमी मुलांना ती गोष्ट वाचता आली. श्रेणीच्या पत्रकांतून हे कधीच दिसले नसते.

२०२१ मध्ये आलेल्या ‘निपुण भारत’ने पुन्हा आकडे दिले : दुसरी अखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे, ९९९ पर्यंतच्या संख्या, ९९ पर्यंतची वजाबाकी. नोएडाच्या सेक्टरांमध्ये अडकून राहिलेल्या जुन्या गावांतील सरकारी शाळांना हीच लक्ष्ये लागू आहेत. लो यांच्या संहितेतील दुसरीशी त्यांचे साम्य डोळ्यांत भरते. तरी एक भेद आहे, आणि तो टिकणे माझ्या मते निर्णायक ठरेल : अजून या आकड्यांवर शाळेचा पैसा कापला जात नाही. ज्या दिवशी कापला जाईल, त्या दिवसापासून ते आकडे खोटे होऊ लागतील.

आपल्या घरांतील मुलांची मराठी या कोणत्याच पत्रकात येत नाही, आणि म्हणून ती किती आहे हे पालकांना बहुधा ठाऊक नसते. ‘असर’चा तो कागद मराठीतही असतो आणि त्याचे नमुने कोणालाही पाहता येतात. शाळेत हिंदी वाचणाऱ्या मुलाला लिपी नवी नसते. तो ‘ळ’पाशी थांबेल, ‘चमचा’तला ‘च’ हिंदीसारखा उच्चारेल, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारील. तपासायला पाच मिनिटे लागतात, श्रेणी देण्याची गरज नाही, आणि आगाऊ वर्दीचीही नाही.